निळ्या डब्यातून निघालेला रिपीटर

घरच्या घरी वायफाय रिपीटर बनवता येऊ लागला, त्याचे श्रेय यंत्रांइतकेच कायद्याच्या दोन कागदांना जाते. पहिला कागद 1985 सालचा. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा विनापरवाना संपर्कासाठी खुला केला. मायक्रोवेव्ह भट्ट्यांच्या गोंगाटामुळे तो पट्टा तसाही कोणाला नको होता. पुढे 1997 मध्ये याच पट्ट्यासाठी 802.11 हे वायफायचे मानक ठरले.

दुसरा कागद लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या परवान्याचा. डिसेंबर 2002 मध्ये लिंकसिसचा डब्ल्यूआरटी54जी हा राउटर आला. तोंड निळे, पाठ काळी, मागे दोन अँटेना. पुढचा निळा भाग खटकन ओढला की डबा उघडे. आत 125 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 16 एमबी रॅम आणि 4 एमबी फ्लॅश. राउटर कसला, तो छोटा संगणकच होता. त्यात लिनक्स चालते, हे 2003 मध्ये जाणकारांच्या ध्यानात आले. लिनक्सच्या परवान्यानुसार मूळ कोड देणे बंधनकारक होते. ओरड झाली आणि कंपनीने कोड खुला केला. त्याच्या आधारावर 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचे पर्यायी फर्मवेअर, म्हणजे आतले सॉफ्टवेअर, सुरू झाले.

फर्मवेअर बदलले की हाच डबा रिपीटर होई: एका राउटरचे सिग्नल पकडायचे आणि पुढे पाठवायचे. मात्र रेडिओ एकच असल्याने ऐकणे आणि बोलणे आळीपाळीने चाले. साहजिकच वेग साधारण निम्म्यावर येई. अँटेना फिरवून काढता येत. त्या जागी दिशादर्शी अँटेना लावून अंतर वाढवता येई. 2005 च्या अखेरीस आलेल्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने रॅम आणि फ्लॅश निम्मी करून लिनक्सही काढले. ग्राहक नाराज झाले, तेव्हा लिनक्सवाले डब्ल्यूआरटी54जीएल वेगळे विकायला काढले. ते 2016 मध्येही खपत होते!

भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा हा पट्टा घराबाहेर विनापरवाना वापरायची मुभा जानेवारी 2005 मध्ये मिळाली. लगेच पुढच्याच महिन्यात हिमाचल प्रदेशातल्या धर्मशाला शहरात असेच फेरफार केलेले राउटर डोंगरउतारावर बसवून सामूहिक जाळे उभे राहू लागले. तारा ओढणे तिथे परवडणारे नव्हते. पावसाबरोबर माकडांपासूनही अँटेना जपाव्या लागत.

2012 मध्ये रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक आल्यावर राउटर फोडण्याची गरज उरली नाही. 2016 च्या तिसऱ्या पिढीत वायफाय बोर्डावरच आले. त्याला यूएसबीचा दुसरा वायफाय अडॅप्टर जोडला की एक रेडिओ सिग्नल घेतो, दुसरा वेगळ्या चॅनेलवर वाटतो आणि निम्म्या वेगाची जुनी अडचण बरीच मिटते. तरी नुसते मागच्या खोलीत नेट पोहोचवायचे असेल, तर बाजारातला तयार रिपीटर स्वस्त पडतो.