पार्व्हो, पेज आणि आजी

गेले दोन वीकेंड काही लिहिलं नाही, त्याचं कारण आत्ता माझ्या पायाशी झोपलंय. बुंदी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेली, साधारण तीन महिन्यांची गावठी कुत्री. लसीचा एकच डोस झाला होता आणि तेवढ्यात पार्व्होने गाठलं. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि खाणं पूर्ण बंद. उकडलेलं चिकन नाकासमोर धरलं तरी मान फिरवायची. जिने माझा हेडफोन चावून खाल्ला, ती!

डॉक्टर म्हणाल्या, "सलाईन चालू आहेच. नाकातून नळी घालून थोडं थोडं अन्न पण सुरू करू, आजच." मी चमकलोच. पार्व्होचा एकच नियम माझ्या डोक्यात पक्का होता: पोटात काही जाऊ द्यायचं नाही.

तो नियम मी २००८ मध्ये साताऱ्याला शिकलो. आमच्या मोत्याला हेच झालं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, उलट्या थांबेपर्यंत पाण्याचा थेंबही नको. आजी पेजेची वाटी घेऊन त्याच्याजवळ बसली होती. "अरे, उपाशीपोटी कोणी बरं होतं का?" मी म्हटलं, "आजी, तुला काय कळतंय? डॉक्टर नको म्हणालेत ना!" आणि वाटी तिच्या हातातून काढून घेतली. चौथ्या दिवशी मोत्या गेला.

असो. क्लिनिकच्या बाकड्यावर रात्र काढताना मोबाईलवर वाचत बसलो. (आपला धंदाच तो, काही बिघडलं की लॉग उपसायचे.)

तर मंडळी, हा रोग काही पुरातन वगैरे नाही. १९७८ पर्यंत तो कुणाला माहीतच नव्हता. त्या वर्षी अचानक देशोदेशीची कुत्री याने मरायला लागली आणि दोनेक वर्षांत तो जगभर पसरला. नंतर युरोपात जपून ठेवलेले रक्ताचे जुने नमुने तपासले, तेव्हा कळलं की १९७४-७६ च्या सुमारास तो तिथे गुपचूप येऊन गेला होता. मांजरांना होणाऱ्या पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूशी याचं इतकं साम्य आहे, की हा त्यातूनच किंवा त्याच्या एखाद्या सख्ख्या भावातून निघाला असं मानतात. याचा सगळा जनुकीय कोड जेमतेम पाच हजार अक्षरांचा. कवचातल्या मोजक्या जागा बदलल्या आणि त्याला कुत्र्याच्या पेशीचं दार उघडता यायला लागलं. इतक्या छोट्या पॅचने इतका अनर्थ! सुरुवातीला तर मांजरांचीच लस कुत्र्यांना टोचून वेळ निभावली. मग कॉर्नेल विद्यापीठात लेलँड कारमायकेल आणि मॅक्स अपेल यांनी कुत्र्यांसाठी लस तयार केली.

पण लस आधी घ्यायची असते. आजारी पडलेल्या पिल्लाचं काय? आतड्याचं अस्तर सोलून निघालेलं, त्यामुळे आतड्याला विश्रांती द्यायची आणि उलट्या थांबेपर्यंत उपाशी ठेवायचं, असा शिरस्ता पडला. ऐकायला पटतंही. बिघडलेलं मशीन आपण आधी बंदच करतो ना?

आतडं मात्र मशीन नाही. त्याच्या अस्तराच्या पेशी बराचसा खुराक थेट त्यातून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. अन्न बंद केलं की अस्तर आणखी सुकतं आणि आतले जिवाणू रक्तात शिरायची भीती वाढते. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी पार्व्होच्या ३० कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. १५ जणांना जुन्या पद्धतीने उपाशी ठेवलं, १५ जणांना दाखल केल्यावर बारा तासांनी नाकातल्या नळीने अन्न सुरू केलं, उलट्या चालू असल्या तरी. नळीवाले साधारण एक दिवस आधी सावरले आणि त्यांचं वजनही वाढलं. ते पंधराही जगले. उपाशी गटातले तेरा. एवढ्याशा आकड्यांवरून जीव वाचतो असं छातीठोक म्हणता येत नाही, पण उपाशी ठेवण्याची बाजू लंगडी पडली ती पडलीच.

२००३. मोत्याच्या पाच वर्षं आधी.

साताऱ्याच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. ते शिकले तेव्हा पुस्तकात तेच होतं, आणि नवीन व्हर्जन निघालं म्हणून ते सगळ्या सर्व्हरवर लगेच चढत नाही हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक? आजीचंही सगळं बरोबर होतं असं नाही. ओकणाऱ्या, गळून गेलेल्या पिल्लाच्या तोंडात बळजबरीने पेज ओतली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. नळीचं काम वेगळं. पण आजीचा प्रश्न बरोबर होता, आणि त्यावर मी तिला काय म्हणालो ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं.

बुंदीने तिसऱ्या दिवशी माझ्या बोटाला लागलेलं चिकनचं पाणी चाटलं. पाचव्या दिवशी नळी काढली. अजून बरगड्या मोजता येतात, पण काल चप्पल पळवली.

काल रात्री आजीला फोन केला आणि हे सगळं सांगितलं, मोत्याच्या वाटीचंही. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आता खातीये ना ती? पेज दिलीस तर मीठ नको हं घालूस."