दुसऱ्याचे इंजिन, आपली गाडी

विहिरीवर नवे इंजिन बसले की दुसऱ्या दिवशी बांधावरून शेजारी विचारतो, "कुणाकडून आणलंत?" किती अश्वशक्तीचे, केवढ्याला पडले, हे प्रश्न मागाहून. विचारणारा जुना जाणता असतो. इंजिन एकदा घ्यायचे, पण देणाऱ्याच्या दारी पुढची दहा-पंधरा वर्षे खेपा घालायच्या, हे त्याला ठाऊक असते.

आज मी जी हकीकत सांगणार आहे ती इंग्लंड-अमेरिकेतली आहे आणि तिच्यातले इंजिन शर्यतीच्या गाडीतले आहे. पण वाचकहो, प्रश्न मात्र बांधावरचाच आहे.

लंडनच्या नैर्ऋत्येस टेम्स नदीच्या काठी टेम्स डिटन नावाचे गाव आहे. तेथे एसी नावाचा मोटारींचा एक लहानसा कारखाना होता. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन वेलर नावाचा हुशार कारागीर आणि जॉन पोर्टवाइन नावाचा खाटीक, अशा दोघांनी हा धंदा काढला. आरंभी ते दुकानांचा माल पोचवणारी तीनचाकी गाडी करीत. वेलरने १९१९ च्या सुमारास दोन लिटरचे, सहा सिलिंडरचे एक इंजिन घडवले. ते इतके चांगले निघाले की कारखान्याने ते चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू ठेवले. हे कौतुकाचे, पण चाळीस वर्षे तेच इंजिन चालवणे म्हणजे नवे करायला हाती पैसा नव्हता असाही त्याचा अर्थ होतो.

१९५३ साली या कारखान्याने 'एस' नावाची दोन आसनांची उघडी गाडी काढली. सांगाडा हलका, वळणावर गाडी जमिनीला धरून चालणारी. उणीव एकच, घरचे म्हातारे इंजिन तिला पुरे पडेना. म्हणून १९५६ पासून एसीने ब्रिस्टल कंपनीचे इंजिन घेण्यास सुरुवात केली. ब्रिस्टल ही मूळची विमाने बांधणारी कंपनी. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने युद्धापूर्वी आपल्या ३२८ या गाडीसाठी केलेले इंजिन, त्याचे नकाशे युद्ध संपल्यावर ब्रिस्टलच्या हाती आले, आणि विमानाच्या कारागिरीने त्यांनी ते घडवले. इंजिन दोन लिटरचेच. पण शक्ती सव्वाशे अश्वशक्तीच्या घरात. एसीचे नाव शर्यतींत झळकू लागले.

आता पाहा, ब्रिस्टलच्या प्रतिष्ठेबद्दल कोणाला शंका घेता आली असती? तरीसुद्धा १९६१ साली एसीवर पंचाईत ओढवली. ब्रिस्टलला स्वतःच्या जड, ऐसपैस गाडीसाठी मोठे इंजिन हवे झाले. नवे घडवण्याचा खर्च न करता त्यांनी क्रायस्लर कंपनीचे आठ सिलिंडरचे इंजिन घेतले आणि आपले दोन लिटरचे बंद केले. त्यांत दगाफटका काही नव्हता. मालकाने स्वतःच्या शेतापुरती मोट ठेवली होती. त्याने ती मोडली, तेव्हा उसन्या पाण्यावर असलेल्या शेजाऱ्याचे भिजणे थांबले, एवढेच. माल उत्तम असणे वेगळे आणि तो उद्या मिळत राहणे वेगळे, हा भेद एसीच्या हर्लॉक बंधूंना त्या वर्षी चांगलाच कळला असावा.

मधल्या काळात केन रड नावाच्या एका मोटारवाल्याने फोर्डच्या झेफर या साध्या घरगुती गाडीचे २.६ लिटरचे इंजिन सुधारून 'एस'मध्ये बसवून दाखवले. गाडी धावली चांगली. पण अशा गाड्या चाळीससुद्धा झाल्या नाहीत.

त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेहून एक पत्र आले. लिहिणारा कॅरोल शेल्बी, टेक्सासचा. एके काळी त्याने कोंबड्या पाळण्याचा धंदा केला होता, आणि रोग येऊन कोंबड्या मेल्यावर त्यात तो बुडाला होता. (आपल्याकडच्या कुक्कुटपालकांना त्याचे दुःख अधिक सांगायला नको.) पुढे तो मोटार हाकण्यात नावारूपाला आला. १९५९ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत त्याने रॉय साल्व्हादोरीच्या जोडीने जिंकली. पण हृदयविकारामुळे त्याला १९६० मध्ये शर्यत सोडावी लागली. आता त्याला स्वतःची गाडी काढायची होती, आणि कारखाना तर नव्हता. त्याने एसीला विचारले, तुमच्या गाडीत मी अमेरिकन आठ सिलिंडरचे इंजिन बसवले तर? उत्तर आले, योग्य इंजिन मिळत असेल तर आमची तयारी आहे.

मग शेल्बी शेवरोलेकडे गेला. शेवरोलेचे इंजिन हलके, दमदार, नावाजलेले. पण तिथे नकार मिळाला. शेवरोलेची स्वतःची कॉर्व्हेट नावाची तशीच गाडी बाजारात होती. आपल्याच पोराशी कुस्ती खेळायला दुसऱ्याच्या पोराला खुराक कोण देईल? तेव्हा शेल्बी फोर्डकडे वळला. फोर्डपाशी कॉर्व्हेटला तोंड देईल अशी गाडी नव्हती. त्यांची थंडरबर्ड १९५८ पासून चार आसनांची, बरीच जड झाली होती. म्हणजे शेल्बीची गाडी जिंकली तर फोर्डचाच फायदा. माझ्या मते सगळ्या हकीकतीत कळीची गोष्ट हीच. ज्याचा आपल्या यशात स्वार्थ आहे, असा पुरवठादार शेल्बीला सापडला.

आणि इंजिनही नेमके तसेच होते. पातळ भिंतींचे ओतकाम करण्याची नवी रीत फोर्डच्या ओतशाळेने साधली होती, त्यामुळे बिडाचे असूनही ते आटोपशीर आणि वजनाला बेताचे होते. आधी २२१ घनइंचांचे, मग लगेच २६० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ४.२ लिटरचे. १९६२ च्या फेब्रुवारीत एसीने इंजिनाविना एक गाडी विमानाने लॉस एंजेलिसला धाडली. शेल्बीच्या माणसांनी आठ तासांच्या आत इंजिन आणि गिअरबॉक्स बसवून ती रस्त्यावर आणली म्हणतात. हीच ती कोब्रा. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती फोर्डच्याच मांडवात उभी राहिली.

पण आठ तासांत बसले म्हणून काम संपले असे समजू नका. दुप्पट जोर आला की तो सोसणारे सगळेच बदलावे लागते. सांगाडा मजबूत करावा लागला. मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरांचा डबा जग्वार गाडीत असतो तसा भक्कम घ्यावा लागला. पुढे सुकाणूची रचनाही बदलली. पहिल्या ७५ गाड्यांनंतर २६० च्या जागी २८९ घनइंचांचे इंजिन आले. बाहेरचा ठोकळा तोच, सिलिंडरचा व्यास ३.८ चा ४ इंच झाला. पुरवठादार आपला माल सुधारत गेला आणि घेणाऱ्याला नव्याने जागा कोरावी लागली नाही. याच इंजिनाच्या जोरावर १९६५ साली मोठ्या जीटी गाड्यांचे उत्पादकांचे अजिंक्यपद शेल्बीने फेरारीकडून हिसकावले.

त्याच वर्षी सात लिटरचे ४२७ इंजिन घेऊन नवी कोब्रा आली. तिच्यासाठी सांगाडा जवळजवळ नव्यानेच करावा लागला. मात्र यातल्या काही गाड्यांत ४२७ ऐवजी फोर्डचेच ४२८ बसवले गेले. आकड्याने एक जास्त, पण ते शर्यतीचे नव्हे, रस्त्यावरच्या जड गाड्यांचे आणि स्वस्त. गाडीवरचे नाव तेवढे ४२७ राहिले. तेव्हा मोठे नाव दिसले तरी झाकण उघडून पाहावे हे बरे.

इंग्लंडच्या रूट्स कंपनीचेही ऐकण्यासारखे आहे. हे नाव मुंबईला परके नव्हते. १९४९ नंतर भांडुपच्या कारखान्यात त्यांच्या हिलमन मिंक्स गाड्या जुळवल्या जात. या रूट्सने शेल्बीच्याच मदतीने आपल्या सनबीम अल्पाइनमध्ये फोर्डचे २६० इंजिन बसवून १९६४ मध्ये 'टायगर' काढली. गाडी खपू लागली. पण त्याच वर्षापासून क्रायस्लर रूट्समध्ये पैसा घालू लागली, आणि १९६७ मध्ये कंपनीच तिच्या ताब्यात गेली. आता क्रायस्लरच्या गाडीत फोर्डचे इंजिन! आधी गाडीवरची फोर्डच्या नावाची पट्टी काढली. मग आपले इंजिन बसते का पाहिले. ते बसेना, ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर त्यात मागच्या अंगाला, आणि टायगरमध्ये तिथे जागाच नाही. १९६७ मध्ये टायगर बंद पडली.

या गाड्या आता जुन्या झाल्या, पण हौशी लोक आजही तशाच रीतीने जुन्या सांगाड्यात दुसरे इंजिन बसवतात. फोर्ड कंपनी स्वतः तयार इंजिने पेटीत बंद करून हमीसह विकते. खेरीज जुनी इंजिने खोलून, दुरुस्त करून देणारे कारखानदार आहेत. या दुसऱ्या वर्गात पारख लागते. फोर्डच्या जुन्या ठोकळ्यावर ओताच्या वेळचे अक्षर-आकडे असतात. 'सी' म्हणजे १९६० चे दशक, 'सी३' म्हणजे तो भाग १९६३ साठी आखलेला. नुसता रंग चकचकीत करून देणारा हे आकडे दाखवायला कांकूं करतो. पातळ भिंतींच्या सिलिंडरना पुन्हा छेद देताना इंचाचा अगदी लहान अंशच खरवडता येतो, म्हणून आधी किती छेद दिला आहे आणि भिंत किती उरली आहे, याची मापे लेखी मागावीत. इंजिन चाचणीच्या मंचावर चालवले होते का, तेलाचा दाब किती होता, तेही विचारावे.

आणि एक बारीक गोष्ट. १९६४ च्या मध्यापर्यंत या इंजिनाच्या पाठीवर गिअरबॉक्सचा घंटेसारखा डबा पाच बोल्टांनी बसे. त्यानंतर सहा झाले. बाहेरून इंजिन तेच दिसते, पण सहाचे इंजिन पाचच्या डब्याला जुळत नाही. जाणता विक्रेता पैशांची बोलणी निघण्यापूर्वीच विचारतो, "गाडी कोणत्या सालची, आणि डबा पाचचा की सहाचा?"