रात्री नऊ वाजून सात मिनिटे

23 एप्रिल 2013 च्या रात्री एका खोट्या ट्वीटने अमेरिकी शेअर बाजार हादरला, त्याची ही हकिगत. खालच्या सगळ्या वेळा दुबईच्या आहेत. न्यूयॉर्क तेव्हा आठ तास मागे होते आणि महाराष्ट्र दीड तास पुढे. दुबईच्या इंटरनॅशनल सिटी या वसाहतीतल्या मराठी घरांत हल्ली अमेरिकी शेअरही घेतले जातात, म्हणून हा घटनाक्रम इथल्याच घड्याळावर लावला आहे.

19 दिवस आधी, 4 एप्रिल 2013. ब्लूमबर्ग या आर्थिक वृत्तसेवेने दलाल वापरतात त्या आपल्या टर्मिनलवर ट्वीट दाखवायला सुरुवात केली. दोनच दिवसांपूर्वी अमेरिकेच्या बाजार नियामकाने कंपन्यांना महत्त्वाच्या घोषणा समाजमाध्यमांवरून करण्याची मुभा दिली होती. घोषणा कोणत्या माध्यमावर होणार ते गुंतवणूकदारांना आधी कळवावे, एवढीच अट. इंडियाना विद्यापीठातल्या योहान बोलेन यांच्या गटाने तर 2010 मध्येच दावा केला होता की, लाखो ट्वीटमधला मूड मोजला तर डाऊ जोन्स हा अमेरिकी शेअर निर्देशांक वर जाईल की खाली, ते काही दिवस आधी सांगता येते. त्यानंतर लोक काय लिहितात, काय शोधतात, कशावर क्लिक करतात, हे सगळे वाचणारे संगणक दलालांच्या कार्यालयांत बसले.

8 दिवस आधी, 15 एप्रिल. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये दोन स्फोट झाले, तीन माणसे गेली. स्फोटांची पहिली बातमी ट्विटरवर आली आणि ती खरी होती. पुढे जे घडले त्यात ट्विटरवर बसलेल्या विश्वासाचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

23 एप्रिल, सायंकाळी 5:30. न्यूयॉर्कचा बाजार उघडला आणि तेजीतच राहिला. इकडे राशिदिया स्टेशनवरून बस पकडून माणसे इंटरनॅशनल सिटीतल्या आपापल्या क्लस्टरकडे, म्हणजे इमारतींच्या गटाकडे, निघाली होती.

रात्री आठनंतर. असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी, या वृत्तसंस्थेतल्या काही जणांना एक ईमेल आला. दिसायला अगदी अस्सल, पण आतली लिंक पासवर्ड चोरण्यासाठी होती. तेव्हा ट्विटरवर दुहेरी पडताळणीची सोय नव्हती. एक पासवर्ड हाती लागला की खाते हाती लागले.

9:07. सुमारे 19 लाख फॉलोअर असलेल्या एपीच्या खात्यावरून ट्वीट पडले: व्हाइट हाऊसमध्ये दोन स्फोट, बराक ओबामा जखमी.

9:08 ते 9:10. डाऊ जोन्स सुमारे 140 अंकांनी कोसळला. एस अँड पी 500 मधल्या कंपन्यांचे 13,600 कोटी डॉलर इतके बाजारमूल्य पुसले गेले. कच्चे तेल घसरले आणि पैसा सरकारी रोख्यांकडे धावला. 'स्फोट', 'व्हाइट हाऊस', 'ओबामा' हे शब्द एका विश्वासार्ह खात्यावर एकत्र आले, तेवढे संगणकांना पुरले. व्हाइट हाऊसच्या वार्ताहर कक्षात एपीची स्वतःची प्रतिनिधी हजर होती. तिला एक फोन लावला असता तर खरे काय ते कळले असते, पण फोन लावण्याइतका वेळ या व्यवस्थेत कोणी ठेवलाच नव्हता.

पत्रकारांना मात्र लगेच शंका आली. एपी 'ब्रेकिंग' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिते, तो तसा नव्हता. ओबामांच्या नावाआधी 'राष्ट्राध्यक्ष'ही नव्हते.

9:13 पर्यंत एपीच्या माणसांनी खाते हॅक झाल्याचे सांगितले आणि बाजार पुन्हा वर आला. राष्ट्राध्यक्ष सुखरूप असल्याचे नंतर व्हाइट हाऊसचे प्रवक्ते जे कार्नी यांनी स्पष्ट केले. सीरियन इलेक्ट्रॉनिक आर्मी या हॅकर गटाने जबाबदारी घेतली.

मध्यरात्री 12:00. बाजार बंद झाला तेव्हा डाऊ 152 अंकांनी वर होता. दिवसाच्या आलेखावर एक बारीक चीर, बाकी सगळे ठीक. या चिरेकडे 'सावरला बाजार' म्हणून पाहणे मला मान्य नाही. त्या मिनिटांत ज्यांचा स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकण्याचा आदेश, लागला, त्यांचे शेअर पडलेल्या भावात विकले गेले. निर्देशांक सावरला, पण त्यांचा तोटा कायम राहिला.

दोन दिवसांनी, 25 एप्रिल. टोबियास प्राइस आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गुगलवरच्या 98 शोधशब्दांची बाजाराच्या हालचालींशी तुलना करून त्यांनी म्हटले होते की, 'कर्ज' या अर्थाच्या शब्दाचा शोध वाढला की बाजार पडण्याची शक्यता असते. एपीच्या प्रकरणाने कोणाचाही हात आखडला नाही. लोकांच्या बोटांवरून भाव ओळखण्याची हाव वाढतच गेली.

आठ वर्षांनी, मे 2021. या वेळी खोटी बातमी दुबईचीच. 'दुबईकॉइन' नावाचे आभासी चलन हे शहराचे अधिकृत चलन असल्याचे एक खोटे प्रसिद्धीपत्रक पसरले आणि काही तासांत त्याची किंमत कित्येक पटींनी वाढली. 27 मे रोजी दुबई सरकारने जाहीर केले की अशा चलनाला कोणत्याही अधिकृत संस्थेने मान्यता दिलेली नाही आणि त्याचे संकेतस्थळ लोकांची माहिती चोरण्यासाठी उभारलेले आहे. तोवर ज्यांनी चढ्या भावात घेतले, त्यांना तो खुलासा उशिरा मिळाला.

इंटरनॅशनल सिटीतल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर टिप आली आणि भाव तुमच्या डोळ्यांसमोर चढू लागला, तरी चढणारा भाव हा बातमी खरी असल्याचा पुरावा मानू नका. भारतातला सल्लागार असेल तर सेबीकडे त्याची नोंदणी आहे का ते तपासा, दुबईत आभासी चलन विकणारी कंपनी असेल तर ती वारा या नियामकाच्या यादीत आहे का ते पाहा, आणि तोवर गावी पाठवायच्या पैशांना हात लावू नका.