एस.पी.जी. मिशन हायस्कूल, दापोली

एस.पी.जी. मिशन हायस्कूल ही रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली येथील पूर्वीची मिशनरी इंग्रजी शाळा होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल' (स्थापना १७०१, लंडन) या अँग्लिकन संस्थेच्या मिशनने ती चालविली. मिशनचे प्रमुख रेव्हरंड आल्फ्रेड गॅडने यांच्या नावाने ती पुढे आल्फ्रेड गॅडने हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. आज ती दापोली एज्युकेशन सोसायटीकडे असून परिसरात 'ए.जी. हायस्कूल' या नावाने परिचित आहे.

पार्श्वभूमी

या भागातील जुने मोठे ठिकाण म्हणजे वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ. बहमनी व आदिलशाही काळात ते कोकणातील प्रमुख बंदर होते. इंग्रजी अमलात मात्र महत्त्व दापोलीकडे सरकले. १८१८ नंतर तेथे लष्कराची छावणी वसली. म्हणूनच 'कॅम्प दापोली' हे नाव रूढ झाले. फौजा गेल्यावरही निवृत्त सैनिकांची वस्ती व तालुक्याची कचेरी तेथेच राहिली.

इंग्रजी शिक्षणाची सोय जवळपास नसणे म्हणजे काय, हे मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रावरून समजते. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी ते कुंभार्ली घाटातून पायी साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. इंग्रजीसाठी ते रत्नागिरीस व नंतर मुंबईस गेले आणि १८८१ मध्ये मॅट्रिक झाले.

विद्यार्थी

त्या काळी मराठी इयत्ता संपल्यावर मुलगा 'इंग्रजी पहिली'त जाई, आणि सातवीच्या अखेरीस मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा असे. मॅट्रिक झालेल्याला सरकारी नोकरीची आशा धरता येई. त्यामुळे धर्मांतराची धास्ती असूनही सनातनी घरांतील मुले पाद्र्यांच्या शाळेत बसत. भारतरत्न पांडुरंग वामन काणे हे याचे ठळक उदाहरण होय. त्यांचे वडील दापोलीस वकील होते. काणे १८९७ मध्ये याच शाळेतून मॅट्रिक झाले. धर्मशास्त्राचा पंचखंडात्मक इतिहास लिहिणाऱ्या पंडिताचे इंग्रजी ख्रिस्ती मिशनच्या वर्गात घडले, याचे त्या पिढीला फारसे नवल वाटले नसावे.

पालगडचे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी (जन्म १८९९), हेही येथील विद्यार्थी. घरच्या गरिबीमुळे दापोलीतील शिक्षण अर्धवट सोडून ते औंध संस्थानात गेले, कारण तेथे गरीब मुलांना कमी खर्चात शिकता येई. पुढे पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून ते मॅट्रिक झाले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त दापोलीच्या दिवसांचे उल्लेख येतात.

शाळा आणि अस्पृश्यता

शिक्षणाची ही वाट सर्वांना सारखी खुली नव्हती. छावणीमुळे दापोलीत महार निवृत्त सैनिकांची मोठी वस्ती होती. पलटणीच्या शाळांत शिकलेल्या या लोकांना अक्षराचे मोल ठाऊक होते. अनार्य दोष परिहारक मंडळीचे गोपाळबाबा वलंगकर यांनी याच दापोलीतून अस्पृश्यतेविरुद्ध लेखन केले. गावातील स्थानिक मंडळाच्या (मिशनच्या नव्हे) शाळेत मुलांना प्रवेश मिळावा यासाठी या सैनिकांनी १८९२ पासून सरकारकडे अर्ज केले. १८९४ पर्यंत पदरात पडले ते एवढेच, की मुलांनी शाळेच्या व्हरांड्यात बसावे. सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंबही निवृत्तीनंतर काही काळ दापोली कॅम्पात राहत होते; त्यांचे धाकटे चिरंजीव भीमराव तेव्हा अगदी लहान होते.

नंतरचा काळ

मॅट्रिक झालेल्या मुलांना पुढच्या शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुंबई गाठावी लागे, आणि त्यासाठी हर्णे किंवा दाभोळ बंदरात आगबोट मिळे. मिशनकडून शाळा स्थानिक संस्थेकडे आली, तरी गॅडने यांचे नाव बदलण्यात आले नाही.