अज्ञानाची दौलत, पालकाची जोखीम

महाराष्ट्रातील सातबारा उताऱ्यावर एखाद्या लहान मुलाच्या नावापुढे 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे आढळतात. अज्ञान पालनकर्ता असा त्यांचा अर्थ. नाव मुलाचे, जमीन मुलाची. पालनकर्ता केवळ मधला. महसुली कागदपत्रांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला या तीन अक्षरांत एक मोठे नीतिशास्त्र सामावलेले दिसते. बडोद्याच्या इतिहासात त्याचे एक ठळक उदाहरण आहे.

एप्रिल 1875 मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले. त्यानंतर 27 मे 1875 रोजी खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज. वय अवघे बारा वर्षांचे. राज्य त्यांचे झाले, पण ते चालवायचे कोणी? हे काम राजा सर टी. माधवराव यांच्याकडे आले. कुंभकोणम येथे 1828 मध्ये जन्मलेला हा तंजावरी मराठी गृहस्थ त्रावणकोरचे आणि त्यानंतर इंदूरचे दिवाणपद सांभाळून आला होता. विशेष म्हणजे 1849 मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचा शिक्षक म्हणूनच त्याच्या राजसेवेचा आरंभ झाला होता.

दुसऱ्याची दौलत सांभाळणाऱ्याचे पहिले काम म्हणजे ती घसरू न देणे. विस्कटलेला वसूल, थकलेली देणी आणि सरदार-सावकारांचे दावे यांची व्यवस्था लावणे माधवरावांना प्राप्तच होते. परंतु केवळ तिजोरी राखणे म्हणजे पालकत्व नव्हे. दौलतीइतकाच तिचा धनीही घडवावा लागतो. सयाजीरावांच्या शिक्षणासाठी एफ. ए. एच. इलियट यांची नेमणूक झाली. स्वतः माधवरावांनीही 1881 मध्ये तरुण महाराजांपुढे राजधर्म आणि राज्यकारभार यांवर व्याख्याने दिली. ती पुढे 'मायनर हिंट्स' या नावाने ग्रंथरूप झाली. ज्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या, त्याला कुलपांची ओळख करून देण्याचाच हा उद्योग होता. 28 डिसेंबर 1881 रोजी महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले आणि 1882 मध्ये माधवराव दिवाणपदावरून दूर झाले. वेळेवर बाजूला होणे हेही पालकाचे कर्तव्यच आहे, आणि बहुधा तेच सर्वांत कठीण.

संस्थानांचा कारभार राजकारणाने ठरे. सामान्य कुटुंबांसाठी मात्र हेच तत्त्व कायद्यात उतरले. 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार पालक हा पाल्याचा विश्वासू असतो. पालकपदातून त्याने स्वतःचा लाभ साधता कामा नये, आणि शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता जपेल तितक्याच काळजीने त्याने ती जपली पाहिजे. न्यायालयाने नेमलेल्या पालकाकडे मालमत्तेची यादी आणि हिशेब मागता येतात. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने नैसर्गिक पालकावरही बंधन घातले. अज्ञानाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून त्याला विकता, गहाण टाकता किंवा बक्षीस देता येत नाही. पाच वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्यानेही देता येत नाही. गरज किंवा अज्ञानाचे उघड हित असल्याखेरीज न्यायालयही परवानगी देत नाही. परवानगीविना झालेला व्यवहार मुलाला सज्ञान झाल्यावर रद्द करवून घेता येतो. त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्श्याला मात्र हे कलम लागू होत नाही.

आपल्या जुन्या घराण्यांत वाड्यांच्या वाटण्या होतात, काका-मामा पुतण्या-भाच्यांच्या वतीने सह्या करतात. हेतू बहुधा वाईट नसतो. 'घरचेच तर आहे' एवढेच त्यामागे असते. पण जमाखर्चाची वही नसते, भाड्याचे पैसे घरखर्चात मिसळतात, परवानगीचा कागद कोणी काढत नाही. मग वीस वर्षांनी कोर्टात समोरासमोर उभे राहतात ते घरचेच. वेगळे खाते, पावत्या आणि दर वर्षाचा हिशेब हे अविश्वासाचे लक्षण नाही. पालकाच्या चांगल्या नावाचे तेच संरक्षण आहे.

जुन्या मराठीत 'जोखीम' म्हणजे धोका, आणि सांभाळायला दिलेली मौल्यवान वस्तूही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात आले, ते उगीच नव्हे.