सात डिसेंबरचं रडणं

कार्यकर्त्यानं रडू नये असं आपल्यातली काही पोरं मानतात. माणूस गेला की लगेच घोषणा, लगेच निवेदन, लगेच मोर्चा. रडणं म्हणजे जणू कच खाणं. मला हे पटत नाही. आपला इतिहासच ते पटू देत नाही.

१९२६ साली धाकटा राजरत्न गेला, तेव्हा बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहून काळजातलं दुःख उघडं केलं. चार लेकरं मातीआड केलेला बाप होता तो. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. तेव्हा ते खोलीत कोंडून घेऊन लहान पोरासारखे रडले, असं चरित्रकार धनंजय कीर सांगतात. राजरत्न गेल्यावर वर्षाच्या आत महाडचं तळं आलं. रमाई गेल्यावर पाच महिन्यांत येवल्याची घोषणा आली. दुःखातून लढा जन्मला असं सोपं गणित मी मांडत नाही. त्या लढ्यांची कारणं हजारो वर्षांची. एवढंच म्हणतो, रडल्यानं लढा अडला नाही.

मग ६ डिसेंबर १९५६. १६ डिसेंबरला मुंबईत दीक्षेचा सोहळा ठरला होता, बाबासाहेब येणार होते. त्याआधीच दिल्लीहून त्यांचा देह आला. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर लाखो माणसं पोरकी होऊन उभी होती. बाप गेलेली माणसं काय करतात? छाती पिटतात, नशिबाला शिव्या देतात, घरी जातात. आपल्या माणसांनी छाती पिटली, पण तेवढ्यावर ती घरी गेली नाहीत. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथंच लाखाहून जास्त लोकांना धम्मदीक्षा दिली. ज्या कामासाठी बाबासाहेब येणार होते, ते काम लोकांनी त्यांच्या चितेसमोर उरकलं. डोळ्यात पाणी आणि तोंडात त्रिशरण. दोन्ही एकाच वेळी.

ह्या इतिहासाला दुसरी बाजूही हाय. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर आलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जीव गेले. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं जीवन संपवलं. त्यांच्या मनाचा निकाल लावायचा मला अधिकार नाही. पण ज्याच्या गळ्यानं हजारोंना बळ दिलं, त्याचं दुःख कोण ऐकत होतं, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

आमच्या विश्रांतवाडीतला एक पोरगा गिरणीत मशिनच्या पट्ट्यात सापडून गेला. माझ्याच पाळीतला. मुकादम बोलला, चूक त्याचीच. ऐकून हातात दगड आला होता. जलदान विधी झाला, पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली. तेव्हा वस्तीतल्या दोन मावश्या रोज संध्याकाळी त्याच्या आईजवळ जाऊन बसायला लागल्या. काय बोलायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या. मग आम्ही पोरंही जायला लागलो. त्या ओट्यावर बसूनच नुकसानभरपाईचा अर्ज लिहिला, पाळीतले साक्षीदार जमवले. राग गेला नाही. राग कामाला लागला.

किसा गोतमी मेलेलं लेकरू घेऊन बुद्धाकडं आली, तेव्हा त्यानं तिला मोहरी आणायला धाडलं. ज्या घरात कुणी मेलेलं नाही अशा घरातून. तसं घर गावात नव्हतं. पण ती दारोदार फिरली, प्रत्येक उंबऱ्यावर कुणीतरी आपलं गेलेलं माणूस सांगितलं. एकटीचं दुःख सगळ्यांचं झालं.

म्हणून मित्रांनो, पुढच्या बैठकीत वर्गणी आणि मोर्चाच्या आधी एक विषय घ्या. कुणाच्या घरातलं माणूस गेलं? आणि त्या घरी आज संध्याकाळी आपल्यातलं कोण जाऊन बसणार?

जयभीम.