समुद्रावर जाताय? आधी चांद बघा! छत्रपती संभाजीनगरहून कोकण किनाऱ्याच्या कौटुंबिक सहलीचं नियोजन

छत्रपती संभाजीनगरहून (औरंगाबाद) समुद्र गाठायचा म्हणजे गाडीने जवळजवळ दिवसभराचा प्रवास. ईदच्या किंवा शाळेच्या सुट्टीत कोकणात जायचं ठरलं की घरात चर्चा सुरू होते: गाडी कोणाची, मुक्काम कुठे, हलाल जेवण मिळेल का, नमाजची सोय काय. हे सगळे प्रश्न बरोबरच आहेत. पण त्या दिवशी भरती किती वाजता आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

त्याचं कारणही साधं आहे. मराठवाड्यातल्या माणसाला विहीर, नदी, धरण माहीत असतं. दिवसातून दोनदा चढणारं आणि दोनदा उतरणारं पाणी त्याच्या रोजच्या आयुष्यात नसतं. कोकणातलं लहान पोरही जे पाहून शिकतं, ते आपल्याला ठरवून शिकावं लागतं. म्हणून या लेखात रस्ता, मुक्काम, नमाज आणि जेवणाची माहिती आहेच, पण सुरुवात पाण्यापासून करू.

मुरुडची आठवण ठेवा

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका कॉलेजची सहल मुरुड-जंजिऱ्याला आली होती. दुपारी पाण्यात उतरलेल्यांपैकी १४ विद्यार्थी बुडाले. त्यात मुलींची संख्या जास्त होती. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. आकाशात अर्धा चंद्र असण्याचे, म्हणजे समुद्राला उधाण नसण्याचे ते दिवस होते. तरीही पाण्याच्या ओढीने मुलांना आत नेलं. समुद्र शांत दिसतो म्हणून तो सुरक्षित आहे असं समजू नये, एवढा धडा प्रत्येक कुटुंबाने यातून घ्यायला हवा.

चांदची तारीख आणि भरती

भरती-ओहोटीचं गणित चंद्रावर चालतं, आणि आपलं कॅलेंडरही चंद्राचंच आहे. त्यामुळे ही गोष्ट समजायला आपल्याला अवघड जाऊ नये.

एका भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास लागतात. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती सगळ्यात मोठी असते आणि ओहोटीला पाणी सगळ्यात लांब जातं. याला कोकणात उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास, म्हणजे चंद्र अर्धा असताना, पाण्याची चढ-उतार कमी असते. त्याला भांग म्हणतात.

आता ईदचा हिशोब लावा. ईदुल फित्र १ शव्वालला, म्हणजे अमावस्येनंतर लगेच येते. उधाणाचा जोर अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो. याचा अर्थ ईदच्या दिवशी आणि बासी ईदला, जेव्हा आपल्या गाड्या समुद्राकडे निघतात, तेव्हा समुद्र उधाणावर असतो. उत्तर कोकणात त्या दिवशी भरती साधारण दुपारी एक-दीडच्या सुमारास पूर्ण होते आणि संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत पाणी ओसरत राहतं. म्हणजे दुपारी तीन ते सहा ही आपली फिरायची वेळ आणि पाणी जोराने आत ओढण्याची वेळ एकच असते.

ईदुल अजहा १० जिलहिज्जाला येते. तेव्हा भांग संपून समुद्र पौर्णिमेच्या उधाणाकडे निघालेला असतो. कुर्बानीचं आटोपून तीन-चार दिवसांनी निघालात तर उधाणच गाठाल.

यावरून सहल रद्द करा असं नाही. जमत असेल तर ईदनंतर पाच-सहा दिवस थांबून, ७-८ शव्वालच्या आसपास जा. नाहीच जमलं, तर किनाऱ्यावर बसा, वाळूत खेळा, पण पाण्यात घोट्याच्या वर जाऊ नका. नेमकी वेळ मोबाइलवर भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. मुक्कामाच्या घरमालकाला किंवा कोळीवाड्यात विचारलंत तर त्याहून चांगलं.

कुठे जायचं, कोणत्या रस्त्याने

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी रायगड जिल्ह्याचा दिवेआगर, श्रीवर्धन आणि मुरुड हा पट्टा सगळ्यात सोयीचा. अंतर आटोक्यात, किनारे सुंदर, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या तिन्ही तालुक्यांत कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांचं आंबेत हे गावही म्हसळा तालुक्यातलंच.

जाताना: संभाजीनगर, अहिल्यानगर (अहमदनगर), पुणे, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, दिवेआगर. एकूण अंतर सुमारे ४०० किलोमीटर. पुण्यापर्यंत साधारण पाच तास आणि पुढे घाटाचा रस्ता असल्याने आणखी तेवढाच वेळ धरा. फज्रनंतर लगेच निघालात तर असरच्या सुमारास पोहोचाल. वाघोलीला वाहतूक अडते, तो वेळ हिशोबात ठेवा. पेट्रोल पुण्यातच भरा. ताम्हिणीत वळणं खूप आहेत, त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांना पुण्यात जड जेवण देऊ नका.

येताना: अलिबाग, वडखळ, पेण, पनवेल, पुढे भिवंडीजवळ आमणे येथून समृद्धी महामार्ग. ५ जून २०२५ पासून नागपूर ते आमणे असा ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग पूर्ण खुला झाला आहे. शहरासाठी माळीवाडा आणि सावंगी इथे उतरता येतं. सरळ रस्त्यावर डोळा लागतो आणि तापलेल्या रस्त्यावर जुने टायर फुटतात. निघण्याआधी टायर आणि हवा तपासून घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच महामार्गावर वैजापूरजवळ मध्यरात्रीच्या अपघातात झियारतहून परतणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरमधले १२ जण गेले. सकाळी कामावर हजर व्हायचंय म्हणून रात्रभर गाडी हाकू नका. सहलीत एक दिवस जास्त धरा.

नकाशात एक काळजी घ्या. मुरुड नावाची गावं अनेक आहेत. आपल्या लातूर जिल्ह्यातही एक आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळही एक. मोबाइलवर "मुरुड-जंजिरा" असंच टाका.

चार दिवसांचा आराखडा

पहिला दिवस: प्रवास आणि दिवेआगरला मुक्काम. सुरूच्या झाडांमागे लांबलचक सपाट किनारा आहे. संध्याकाळी फक्त चालून या.

दुसरा दिवस: दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धन. हा रस्ता समुद्राला अगदी चिकटून जातो आणि साऱ्या सहलीतला सगळ्यात देखणा आहे. गाडी सावकाश चालवा. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या नारळ-सुपारीच्या बागा अक्षरशः झोपवल्या होत्या. तेव्हा काही खरेदी करायची तर स्थानिक बागायतदाराकडून करा. पुढे हरिहरेश्वरचा किनारा खडकाळ आहे. तो पाहण्याचा आहे, पाण्यात उतरण्याचा नाही.

तिसरा दिवस: दिघी बंदरातून फेरीबोटीने आगरदांडा. बोटीत गाडीसकट जाता येतं, त्यामुळे खाडीला मोठा वळसा वाचतो आणि मुलांची मजाही होते. शेवटची फेरी किती वाजता आहे ते आदल्या दिवशी विचारा. आगरदांड्याहून राजपुरी आणि तिथून होडीने जंजिरा. रात्री मुरुडला मुक्काम.

चौथा दिवस: मुरुडहून काशीद, रेवदंडा, अलिबाग आणि परत. काशीदची पांढरी वाळू मोहात पाडते, पण तिथे किनाऱ्याचा उतार तीव्र आहे आणि लाटा जोराच्या. चार पावलांत पाणी कमरेला लागतं.

जंजिरा आणि आपलं शहर

जंजिरा पाहताना मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. १६१० मध्ये खडकी वसवणारा, म्हणजे आपल्या शहराची पायाभरणी करणारा आणि नहर-ए-अंबरी बांधणारा मलिक अंबर हा मूळचा हबशी, आफ्रिकेतून आलेला. जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकी वंशाचे आणि सुरुवातीला त्याच अहमदनगरच्या निजामशाहीचे सरदार. पुढे त्यांनी मुघलांचं आरमार सांभाळलं. छत्रपती शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह देण्यासाठी समोरच्या बेटावर पद्मदुर्ग बांधला. तो आजही मुरुडच्या किनाऱ्यावरून दिसतो. जंजिरा मात्र कोणालाच जिंकता आला नाही. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं.

किल्ल्यात कलाल बांगडी ही अजस्र तोफ आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याचे तलाव आहेत. राजपुरीजवळ खोकरीला सिद्दींचे दगडी मकबरे आहेत, तेही चुकवू नका. होडीतून किल्ल्याच्या दरवाजाशी उतरताना पाय घसरतो. गुडघेदुखीच्या वडीलधाऱ्यांनी राजपुरीच्या धक्क्यावर बसलेलं बरं. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि लहान मुलाला त्याच्या मापाचंच घाला. जुम्याला जाणार असाल तर होड्यांची वेळ आधी विचारा. पावसाळ्यात किल्ला बंद असतो.

नमाज आणि जेवण

हनफी फिक्हनुसार साधारण ७७-७८ किलोमीटरपेक्षा लांबचा प्रवास आणि एका ठिकाणी १५ दिवसांहून कमी मुक्काम असेल तर कसर लागू होते. जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फज्र आणि मगरिब आहे तशीच. स्थानिक इमामामागे जमातीत उभे राहिलात तर मात्र पूर्ण चार रकात. काही शंका असेल तर आपल्या मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना निघण्याआधीच विचारून घ्या.

कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई आहेत. त्यामुळे तिथे असरची अजान आपल्यापेक्षा लवकर होते. फज्रमध्ये कुनूत पढली जाते आणि आमीन मोठ्याने म्हणतात. मुलांना हा फरक आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती मस्जिदीत गोंधळणार नाहीत.

फरक दस्तरखानावरही दिसतो. शाफई फिक्हमध्ये समुद्रातले जवळपास सगळे प्राणी हलाल आहेत. हनफींकडे फक्त मासा. खेकडा चालत नाही आणि कोळंबीबद्दल उलमांत मतभेद आहेत. कोकणी यजमान प्रेमाने चिंबोरीचं कालवण पुढे ठेवतील. तुम्ही खात नसाल तर जेवण सांगतानाच तसं कळवा, म्हणजे कोणाचंच मन दुखणार नाही. नानखलियाची सवय असलेल्या जिभेला तांदळाची भाकरी, ताजा मासा आणि नारळातलं सांदण नवीन वाटेल, पण आवडेल. घरगुती मुक्कामात जेवण सांगाल तेव्हाच बनतं. किती माणसं, किती वाजता, हे सकाळीच सांगून टाका.

पाण्याजवळचे नियम

- गावकरी किंवा जीवरक्षक नको म्हणाले तर नाहीच. त्यांच्याशी वाद घालू नका.
- पाण्यात कमरेच्या वर कोणीही जाऊ नये. पोहता येणाऱ्यानेही नाही. विहिरीत पोहणं वेगळं आणि समुद्रात वेगळं.
- एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि त्याचा मोबाइल खिशात. "सगळे बघतायत" म्हणजे कोणीच बघत नाही.
- बुरखा, साडी, ओढणी भिजली की जड होते आणि पायात अडकते. बहिणींनी पाण्यात जायचं तर सुटसुटीत सलवार-कमीज घाला आणि फज्रनंतरची वेळ निवडा. तेव्हा गर्दी नसते, पडद्याचीही सोय होते. भरतीची वेळ मात्र तेव्हाही बघा.
- पाण्याने आत ओढलं तर सरळ किनाऱ्याकडे झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, बाजूला सरका. ओढ सुटली की मग बाहेर या.
- बुडणाऱ्यामागे उडी मारू नका. दोरी, ओढणी, रिकामा प्लास्टिकचा डबा, जे हाती लागेल ते फेका आणि आरडाओरडा करा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.
- गाडी वाळूवर उतरवू नका. चाक रुतलं आणि भरती आली तर गाडी गेलीच समजा.

हंगाम, खर्च आणि सामान

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वात चांगला काळ. जून ते सप्टेंबरमध्ये समुद्र खवळलेला असतो आणि घाटात दरडी पडतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असल्याने ताजा मासाही कमी मिळतो. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर प्रचंड गर्दी असते, ते दिवस टाळा.

जाऊन-येऊन आणि फिरून गाडी साधारण ९०० ते १००० किलोमीटर चालेल. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ६० ते ६७ लिटर पेट्रोल, म्हणजे आजच्या दराने साडेसहा-सात हजार रुपये. टोल, फेरीबोट, होडी आणि मुक्काम वेगळा. चार दिवसांचा एकूण खर्च दोन कुटुंबांनी वाटून घेतला तर मोठी गाडीही परवडते. शनिवार-रविवार सोडून गेलात तर खोल्या स्वस्त मिळतात.

सोबत ठेवा: जानमाज, वजूसाठी पाण्याची बाटली, कपड्यांचा एक जादा जोड, टॉवेल, उलटीच्या गोळ्या, मीठ-साखरेचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी, थोडी रोख रक्कम (खाडीकाठच्या गावांत नेटवर्क जातं) आणि कचऱ्यासाठी एक पिशवी. किनारा जसा मिळाला तसाच सोडून या.

खोली बुक करण्याआधी घरातलं इस्लामी कॅलेंडर एकदा उघडा. तारीख १ ते ३ किंवा १४ ते १७ असेल तर समुद्र डोळ्यांनी पाहायचा. ७-८ किंवा २२-२३ असेल तर, भरतीची वेळ विचारून, मुलांचा हात धरून पाय भिजवायला हरकत नाही.